रोलरपासून कर्णधारपदापर्यंत : पालवणकर बंधूंची गोष्ट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी खेळावर काहीतरी लिहा, असे समितीने सुचवले. खेळ म्हटला की बक्षीस समारंभात दोन शब्द हमखास कानावर पडतात. एक जिद्द आणि दुसरा संघभावना. पाहुणे दोन्ही शब्द उच्चारतात, मुले टाळ्या वाजवतात आणि ढाल घेऊन घरी जातात. या दोन शब्दांचा खरा कस कुठे लागतो, ते सांगायला मात्र वेळ कुणाकडे नसतो. म्हणून उपदेश करण्यापेक्षा इतिहासातली एक गोष्टच सांगावी असे ठरवले. गोष्ट आपल्याच पुण्या-मुंबईतली आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात एक अवघड प्रश्न आहे. ज्या संघासाठी तुम्ही जीव तोडून खेळता, तो संघच तुम्हाला आपला मानत नसेल, तर जिद्द कशी टिकवायची? आणि संघभावना कुणी दाखवायची?

ही गोष्ट बाळू पालवणकर आणि त्यांच्या तीन धाकट्या भावांची, म्हणजे शिवराम, गणपत आणि विठ्ठल यांची. घराणे मूळ कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करी खात्यात नोकरीला होते, त्यामुळे बिऱ्हाड पुण्यात. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. पुण्यात इंग्रज पलटणींची मोठी छावणी होती, आणि साहेबाबरोबर साहेबाचा खेळही आला होता. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ही मुले खेळायला शिकली.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तिथे पगार ४ रुपये झाला. काम तेच, त्यात जाळी लावणे, स्टंप रोवणे, खेळपट्टी आखणे आणि सरावाच्या वेळी साहेब लोकांना चेंडू टाकणे एवढी भर पडली.

चेंडू टाकणे ही तेव्हा गड्याची कामगिरी समजली जायची, हे लक्षात घ्या. फलंदाजी हा साहेबाचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर यायचे आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करायचे. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असे ग्रेग म्हणत, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. पण एवढे खरे की इतकी वर्षे नेटमध्ये राबूनही बाळूंना तिथे बॅट हातात घ्यायला कुणी दिली नाही.

आता स्पर्धेची वृत्ती म्हणजे काय, ते इथे बघा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चार रुपयांत किती मरायचं? चेंडू टाकायचा, संध्याकाळ करायची. बाळूंनी तसे केले नाही. त्या वेळच्या पुण्यातला उत्तम फलंदाज रोज समोर उभा आहे, म्हणजे शिकायची अशी शाळा दुसरी नाही, हे त्यांनी ओळखले. ते डावखुरे संथ फिरकी गोलंदाज होते. टप्पा अचूक, चेंडू दोन्हीकडे वळणारा, वेगात आणि उंचीत सतत बदल. पैशाने किंवा ओळखीपाळखीने असली हुकमत येत नाही. ती हजारो चेंडू टाकूनच येते. शिवाय मला वाटते, ज्याने खेळपट्टी स्वतः झाडली, स्वतः रोलरने दाबली, तिच्यावर पाणी कुठे मुरते आणि माती कुठे सुटते हे त्याच्याइतके कुणाला कळणार? साहेबांनी गडी म्हणून ठेवलेल्या मुलाने हातातल्या कामालाच विद्या बनवले. परिस्थिती त्याने निवडली नव्हती, त्या परिस्थितीत काय शिकायचे एवढे मात्र निवडले.

बाळूंचे नाव पुण्यात झाले आणि एक पेच उभा राहिला. शहरातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. हरवायचे तर बाळू हवेत. पण बाळू अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले! क्लबात दोन तट पडले. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळूंना संघात घेतले. घेतले, पण कसे? मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. जेवण वेगळे, ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. म्हणजे विकेट सगळ्यांची, चहा मात्र ज्याचा त्याचा.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियन संघांना हरवले, साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यालाही हरवले. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही हरकत नसावी, असे सांगितले जाते. पण नियम एका भाषणाने बदलत नाहीत. हळूहळू बदलतात, आणि तेही कुणीतरी मागे लागले तर.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. आधी लष्करात आणि नंतर रेल्वेत नोकरी, तिथल्या संघातून क्रिकेट, आणि पुढे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात प्रवेश. इथेही काही सभासदांनी विरोध केला, पण तेव्हाचे कर्णधार कीर्तिकर यांनी मंडळींची समजूत घातली. गंमत म्हणजे मुंबईतला जिमखाना पुण्यापेक्षा एक पाऊल पुढे गेला. इथे पालवणकर बंधू इतरांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले.

यानंतर आला फेब्रुवारी १९०६ चा तो सामना. हिंदू विरुद्ध युरोपियन, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. त्या जिमखान्याच्या इमारतीत हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल टाकता येत नव्हते, पण मैदानावर उतरून साहेबाला हरवायला तर कुणाची मनाई नव्हती! हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या, ते १०२ वर गडगडले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि धाकटा भाऊ शिवरामही संघात होता. बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीची चळवळ तापलेली असताना हा विजय मिळाला, त्यामुळे त्याचा बोलबाला मैदानाबाहेरही झाला. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या नियतकालिकाने तर जिंकण्यापेक्षा जास्त कौतुक या गोष्टीचे केले, की हिंदू खेळाडूंनी या बंधूंना आपल्यात सामावून घेतले.

पुढच्याच वर्षी पारशी संघ धरून तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुस्लीम संघ आला आणि चौरंगी झाली. आज धर्मावार संघ ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते, आणि ती बंद झाली हे बरेच झाले. पण त्या काळी मुंबईत ही स्पर्धा म्हणजे सणच असायचा.

१९११ मध्ये सगळ्या हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. महाराज सुरुवातीचे काही सामने खेळले आणि मग इंग्लंडमधल्या मेजवान्यांत आणि दरबारी समारंभांत रमले. संघातले उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांचे चिटणीस, तेही महाराजांबरोबर गेले. संघ बहुतेक सामने हरला. पण या पडझडीत बाळू मात्र सामन्यामागून सामना गोलंदाजी करत राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. वय होते पस्तीस. हात दुखत असतानाही त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना हिंदुस्थानने हरवले, आणि सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक ठोकले.

एकाच संघातली ही दोन माणसे शेजारी ठेवून बघा. एकाकडे कर्णधारपद होते आणि दुसऱ्याकडे जबाबदारी. कागदावर संघ महाराजांचा होता, मैदानावर तो बाळूंनी खांद्यावर वाहिला.

परत आल्यावर सत्कार झाले, हार-तुरे झाले. मग साहजिकच प्रश्न निघाला की हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना का नाही? अनुभव त्यांचा, बळी त्यांचे, खेळाची जाण त्यांची. मोसमामागून मोसम त्यांचे नाव पुढे यायचे आणि मागे पडायचे. कारण उघड कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते. ज्याच्या हाताखाली खेळायचे त्याची जात कोणती, हा प्रश्न आडवा येत होता. मातीचे भांडे गेले तरी कर्णधाराची खुर्ची अजून सोवळ्यात होती.

इथे एका माणसाचे नाव आवर्जून घ्यायला हवे, ते म्हणजे एम. डी. पै. हे अनेक वर्षे हिंदू संघाचे कर्णधार होते. पुढे त्यांच्या एका सत्काराच्या वेळी त्यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान खरे तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. हे वाक्य साधे वाटते. पण ते बोलले कुठे, तर स्वतःच्याच सत्कारात, हार गळ्यात असताना! आपल्याला मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या हक्काची आहे, हे चार लोकांत बोलायला धैर्य लागते.

१९२० मध्ये प्रकरण चिघळले. चौरंगी स्पर्धेसाठी पै पुन्हा कर्णधार नेमले गेले, पण आजारी पडल्याने पहिल्या सामन्याला ते नव्हते. त्यांच्या जागी नेमणूक करताना पालवणकर बंधूंना डावलले गेले, आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल दोघेही तेव्हा ऐन भरात होते, त्यांच्याशिवाय फलंदाजी लंगडी होणार हे सगळ्यांना माहीत होते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रात निवेदन देऊन कारणही सांगितले. कर्णधार निवडताना खेळ पाहिला गेला नाही, सामाजिक दर्जा पाहिला गेला, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

कुणी म्हणेल, ऐन सामन्याच्या तोंडावर संघ सोडला, ही कसली संघभावना? प्रश्न रास्त आहे. पण जरा हिशोब बघू या. हे घराणे पंचवीस-एक वर्षे खेळत होते. बाहेर बसून चहा प्यायले तरी गोलंदाजीत कुचराई केली नाही. कर्णधारपद हुकले तरी रुसून बसले नाहीत, पुढच्या मोसमात पुन्हा मैदानावर आले. सगळे सोसून झाल्यावर एकदा, कारण सांगून, सर्वांसमोर ते थांबले. त्यांनी कुणाचा झेल मुद्दाम सोडला नाही, की मनाविरुद्ध खेळून सामना घालवला नाही. आत राहून कुरकुर करण्यापेक्षा बाहेर उभे राहून स्पष्ट बोलणे, हे मला तरी जास्त प्रामाणिक वाटते. संघावर ज्याचे प्रेम आहे तोच संघाला त्याची चूक तोंडावर सांगतो. ज्याला काही पडलेलेच नाही, तो गप्प राहून आपले काम उरकतो.

मुंबईत चर्चा पेटली. त्याच सुमारास गांधीजींनी अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या कार्यक्रमात आणला होता, त्यामुळे लोकांची सहानुभूती बंधूंकडे झुकली. निवड समितीला माघार घ्यावी लागली. पारशी संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यात पै परतले, शिवराम आणि विठ्ठल परतले, आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. मग सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून गेले. कर्णधार बाहेर गेला की संघ चालवतो उपकर्णधार. म्हणजे थोड्या वेळापुरते का होईना, हिंदू संघाची सूत्रे बाळू पालवणकरांच्या हाती आली. ज्या मित्राने भर सत्कारात शब्द उच्चारला होता, त्याने तो असा आपल्या परीने पाळला. कर्णधाराची नेमणूक समितीच्या हातात होती, पण मैदानातून बाहेर जाणे पैंच्या हातात होते. जेवढे आपल्या हातात आहे तेवढे त्यांनी केले.

बाळूंना पूर्ण कर्णधारपद कधीच मिळाले नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलना मिळाला. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नाचवले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या भाषेत एका क्रिकेटपटूने स्वतः लिहिलेले इतके जुने पुस्तक आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

बाळूंचे पुढचे आयुष्य सार्वजनिक कामात गेले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत उभे राहिले, समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाळू हरले. दोघांचे मार्ग वेगळे होते, त्या वादात इथे शिरत नाही. १९५५ मध्ये बाळूंचे मुंबईत निधन झाले. प्रथम श्रेणीच्या फक्त ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी पंधराच्या आसपास. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळाला १९३२ मध्ये, तोवर त्यांचा खेळ संपला होता. त्यामुळे रेकॉर्ड बुकात त्यांना शोधायला गेलात तर कसोटीच्या पानावर ते सापडणार नाहीत.

मुलांना सांगण्यासारखे यातले काय? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, स्पर्धा म्हणजे दुसऱ्याचा द्वेष नव्हे. बाळू ज्या ग्रेगसाहेबाला नेटमध्ये चेंडू टाकत होते, त्याच्याच मंडळींविरुद्ध पुढे जिंकण्यासाठी खेळले. शिकले त्याच्याकडून आणि हरवलेही त्यांनाच, यात कडवटपणा कुठे दिसत नाही. दुसरी, मेहनत ही आपल्या ताब्यातली गोष्ट आहे, निवड दुसऱ्याच्या ताब्यातली. निवड होत नाही म्हणून मेहनत सोडली तर आपल्या ताब्यात होते तेही गेले. तिसरी मात्र मुलांपेक्षा मोठ्यांना सांगण्यासारखी आहे. संघभावना दाखवण्याची जबाबदारी नेहमी डावललेल्या माणसावर टाकता येत नाही. "तू जरा सांभाळून घे, संघासाठी" हे वाक्य चहा आत बसून पिणाऱ्याने बाहेर बसलेल्याला सांगायचे नसते. आधी त्याला आत बोलवायचे असते.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. नावातच 'सहकारी' हा शब्द आहे. दरवर्षी २६ जानेवारीला क्रीडादिन होतो, विंगनिहाय संघ पडतात, चुरस होते, कधी एलबीडब्ल्यूवरून भांडणही होते, तेही खेळातच आले. पण वर्षभर संध्याकाळी पार्किंगमध्ये जी मुले खेळतात, त्यांत वॉचमनची मुले असतात, इस्त्रीवाल्यांची असतात, कामाला येणाऱ्या ताईंची असतात. आपल्या मुलांना नेटमध्ये गोलंदाजी तीच करतात, गटारात गेलेला चेंडूही बहुधा तीच काढून आणतात. क्रीडादिनाच्या यादीत मात्र फ्लॅट नंबर लागतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक साधी सूचना मांडतो, वार्षिक सभेत तिच्यावर चर्चा व्हावी. जो वर्षभर आपल्या आवारात खेळतो, त्याचे नाव क्रीडादिनाच्या कुठल्यातरी विंगच्या यादीत असावे. कर्णधार मुलांनीच मते देऊन निवडावा, आई-वडिलांनी नव्हे. आणि खेळ झाल्यावर वडापाव-चहाचे टेबल एकच असावे, कप सगळ्यांना सारखे.

खर्च फारसा नाही. दोन-चार टी-शर्ट जास्त लागतील, एवढंच.